तुझ्या ऑनलाइन गेममधली वस्ती ओस का वाटते?

आधी घरं कमी कर. वीस खेळाडूंना चाळीस घरं दिलीस तर दोघांची गाठच पडत नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये सुरुवातीला अलायन्स या गटाच्या राजधान्यांपैकी फक्त आयर्नफोर्जमध्ये लिलावघर (खेळाडूंनी वस्तू विकायची-घ्यायची जागा) होतं. तिथे कायम झुंबड, आणि देखणं डार्नासस सुनं. 2006 च्या 1.9 पॅचने (गेममधल्या सुधारणेने) डार्नाससलाही लिलावघर मिळालं, पण ते शहर पडलं आडवाटेला, समुद्रापलीकडे, म्हणून तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. म्हणजे सोय आणि वाट दोन्ही लागतात. बँक, लिलाव, टपालपेटी एकाच चौकात ठेव. प्रवासाचा थांबा मात्र वेशीजवळ असू दे आणि चौकाकडे जाणारा रस्ता खानावळीच्या दारावरून ने. थेट चौकात टेलिपोर्ट (क्षणात पोचवणारी सोय) देऊ नकोस, रस्ते मरतात.

एनपीसी (संगणक चालवतो ती पात्रं) थोडेच ठेव, पण लोहार रात्री खानावळीत दिसलाच पाहिजे.