अप्पांच्या पोटरीवरचा वळ

प्रश्न : ताई, आमचे अप्पा 58 वर्षांचे आहेत, यंत्रमागावर काम करतात, 12 तासांची पाळी आणि सगळी उभ्यानेच. डाव्या पोटरीवर शिरा दोरीसारख्या फुगल्यात, संध्याकाळी पाय जड होतो, रात्री गोळे येतात आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून खाजते. डॉक्टरांनी स्टॉकिंग (पायाला दाब देणारे घट्ट मोजे) घाला म्हणून सांगितलं, तर दुकानदाराने चपलेचा नंबर विचारून लार्ज साइझ हातात दिला. दुपारी गरम होतं म्हणून अप्पा ते वरून दुमडून ठेवतात. महिना झाला, शिरा आहेत तशाच. दुसरे मोजे घेऊ का नादच सोडू?
– एक मुलगी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नाद सोडू नका, पण आधी ते दुमडणं आजच्या आज बंद करा. अप्पांनी मोजा काढला की गुडघ्याखाली बांगडीसारखा लाल वळ दिसतो का बघा, दिसणारच. हे कापड मुद्दाम असं विणलेलं असतं की घोट्यापाशी सगळ्यात घट्ट आणि वर जाईल तसं सैल, म्हणजे रक्त वर ढकललं जातं. तुम्ही विणकराच्या घरातल्या, तुम्हाला विणीचं मी काय सांगू! पण वरचा भाग दुमडला की तिथे कापड दुप्पट, दाबही वाढतो, झाला की फास. मग खालचं रक्त खालीच. त्यापेक्षा मोजा न घातलेला बरा.

आता मापाचं. चपलेच्या नंबरावरून हे घ्यायचंच नसतं. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी, टेपने घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची उंची घ्यायची आणि मग खोक्यावरच्या तक्त्यात बघायचं. दाब ब्लडप्रेशरसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहितात. जर्मन मापात क्लास 1 म्हणजे 18 ते 21 आणि क्लास 2 म्हणजे 23 ते 32, पण सगळ्या कंपन्यांचा क्लास सारखा नसतो, म्हणून क्लास नको, आकडा बघा आणि तो डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. गुडघ्यापर्यंतचा बहुतेकांना पुरतो, मांडीपर्यंतचा आपल्या उन्हाळ्यात कोण घालणार. आणि ऑपरेशननंतर दवाखान्यात मिळालेले पांढरे मोजे घरात पडलेत म्हणून तेच घालणारे मी ढीगभर पाहिलेत, ते अंथरुणावर पडून असलेल्यांसाठी असतात, मागावर उभं राहणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, अप्पा बिडी ओढतात का? शुगर आहे का? असेल तर नवा मोजा घ्यायच्या आधी पायाच्या धमन्या तपासा. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून दोन्हींची तुलना करतात, दुखत नाही काही. पायाला शुद्ध रक्तच कमी जात असेल तर वरून हा दाब दिल्याने कातडी मरू शकते, आणि शुगरवाल्याला बधिरपणामुळे ते कळतही नाही.

घालायची वेळ सकाळची, खाटेवरून उतरायच्या आधी. चहा-अंघोळ आटपून नऊ वाजता घातला तर तोवर पायात सूज आलेली असते. पँटसारखा वरून ओढायचा नाही, टाचेपर्यंत उलटा करून पंजा आत घालायचा, टाच टाचेत बसवायची, मग तळहाताने हळूहळू वर सरकवायचा. भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घाला हातात, फार सोपं जातं. झोपताना काढायचा, आणि खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा. रोज धुवा पण पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा (टॉवेलची आपल्याकडे काय कमी!) आणि सावलीत वाळवा, मे महिन्यात गच्चीवर टाकलात तर इलॅस्टिक गेलंच म्हणून समजा. रोज वापरून साधारण 6 महिन्यांत दाब ढिला पडतो, मग नवा घ्यायचा.

गरम होतं हे मात्र खरंच आहे, त्यावर माझ्याकडे जादू नाही. पंजा उघडा असलेला प्रकार मिळतो, तो जरा सुसह्य होतो. पाळीवर दर अर्ध्या तासाने जागच्या जागी वीसेक वेळा टाचा उचलायला सांगा, पोटरी हाच पायातला पंप आहे, नुसतं उभं राहिलं की तो बंद.

शिरा जातील का? नाही. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्यात, त्या मोज्याने दुरुस्त होत नाहीत, मोजा फक्त सूज आणि जडपणा आवरतो. इलाज कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर 2013 मध्येच सांगितलंय की इलाज करता येत असेल तर नुसत्या मोज्यांवर ठेवू नका. अप्पांची कातडी काळी पडलीय, ही जखम व्हायच्या आधीची पायरी आहे, तेव्हा कलर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने खराब शीर आतून बंद करण्याबद्दल सर्जनला विचारा, जखम झाल्यावर महिनोन्‌महिने पट्ट्या बांधत बसावं लागतं, मी बांधल्यात. आणि कधी एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर तेल चोळू नका, मोजाही घालू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी.

प्रश्न : ताई, व्हेरिकोज (अशाच फुगलेल्या शिरा) असताना कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलं तर चालेल का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : पायाला जखम नसेल आणि बाकी तब्येत धड असेल तर जा की, चालणं चांगलंच, त्रास उभं राहण्याचा. फक्त नवे मोजे त्याच रात्री पहिल्यांदा घालू नका, आधी पंधरा दिवस घालून सवय करा. अनवाणी जाणार असाल तर पंजा उघडा असलेला घ्या. दर्शनाच्या रांगेत मात्र टाचा हलवत राहा. आणि पिशवीत एक स्वच्छ रुमाल ठेवा. काही लागून शीर फुटली तर रक्त भळाभळा येतं, बघणारे घाबरून माणसाला खुर्चीवर बसवतात, ते चुकीचं, तिथेच आडवं व्हा, पाय वर धरायला लावा आणि रुमालाने दहा मिनिटं न उचलता दाबून ठेवा. मग दवाखान्यात.