कपिंगला मंडळी बोलावण्याआधी

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. लातूर, नांदेड, जालन्याचे रोस्टर, म्हणजे कॉफी भाजणारे, संभाजीनगरला कपिंगसाठी, म्हणजे कॉफीचे नमुने चाखून गुण द्यायला, एका टेबलाशी बसवायचं ठरवलंस, बरं झालं. कॉफी आदल्या दिवशी भाजून आणायला सांग. 8 ते 24 तासांपूर्वी भाजलेली हवी.

आधी पाणी बघ. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारतात, चिकमगळूरची चांगली अरेबिका जातीची कॉफीही सपक लागते आणि बोल रोस्टरला बसतो. निव्वळ आरओच्या पाण्यातही कॉफी पोकळ उतरते. आरओत साधं पाणी थोडं थोडं मिसळत टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, 150च्या आसपास आण. सगळ्या किटल्यांत तेच.

200 मिली पाण्याला 11 ग्रॅम. प्रत्येक नमुन्याचे पाच कप लाव आणि दाणे कपागणिक वेगळे मोजून वेगळे दळ. एकत्र दळून वाटलंस तर एक सडका दाणा पाचही कपांत पसरतो, मग सापडत नाही. नमुना बदलताना नव्या कॉफीचे चार दाणे दळून फेकून दे. पाणी 93 अंशांचं, नंतर 4 मिनिटं हात लावायचा नाही. मग नाक कपाशी नेऊन वरचा चोथा चमच्याने तीनदा मागे सारायचा. वास तेव्हाच भरभरून सुटतो. ज्या क्रमाने पाणी ओतलं त्याच क्रमाने चोथ्याचा थर फोडायचा. फेस काढून दहाव्या मिनिटाला पहिला भुरका, तोही जोरात. घरी ज्यावरून बोलणी बसतात, तेच इथे हवं! कप कोमट झाल्यावर पुन्हा घ्या, दोष तेव्हा उघडे पडतात.

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. जुन्या माणसाने ‘वा’ म्हटलं की बाकीच्यांच्या जिभा तिकडेच वळतात, म्हणून तो शेवटी बोलेल. एक कॉफी गुपचूप दोन क्रमांकांनी ठेव. एकाच माणसाने तिला दोन वेगळे गुण दिले, तर आधी गुण देणारा तपासायचा, कॉफी नंतर.

चव लिहिताना ब्लूबेरी वगैरे लिहायची सक्ती नको. मोसंबी, चिंच, गूळ, सीताफळ चालेल. हरभऱ्याच्या डहाळ्यासारखी हिरवट लागली तर भाजताना दाणा आतून कच्चा राहिला. शेंगदाण्यासारखी, कागदी लागली तर न पिकलेली फळं तोडलीत. भाजलेल्या दाण्यांत फिकट राहिलेले शोध.

अत्तर, उदबत्ती बंद. आणि ठेचा-भाकरी कपिंगनंतरच वाढ.