मंगळसूत्र जप्तीत जात नाही, मग गहाण का टाकता?

प्रश्न: आम्ही ऐरोलीत राहतो. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. पतपेढीचा हप्ता कापून ४६,००० हातात येतात. मिस्टरांची कंपनी बंद पडली, आता ते कसेबसे १४,००० आणतात. घरखर्च २७,०००. हप्ते असे: घर १९,५००, पर्सनल लोन ८,९००, क्रेडिट कार्डाचं मिनिमम ८,००० (थकबाकी १,६०,०००), ॲपवरचं कर्ज ५,५०० (चार हप्ते राहिलेत). शिवाय आमच्या भागातल्या एकाकडून ५०,००० घेतलेत. महिना ५ टक्के म्हणजे २,५०० व्याज २२ महिने देतेय, मुद्दल तसंच आहे. त्याच्याकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. कमी पडतं ते कार्डावर ढकलतो. कार्डाचा वसुलीवाला ऑफिसात फोन करून ‘चारशेवीस लावू, पोलीस पाठवू’ म्हणतो. मंगळसूत्र आणि पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढायचं आणि घराचे एकदोन हप्ते थांबवून कार्ड मिटवायचं, असं घरात ठरतंय. चालेल का?

उत्तर: ताई, दोन्ही नको. घराचा हप्ता थांबवू नका आणि सोनं ठेवू नका.

घेणेकऱ्यांची रांग तुम्ही आवाजावरून लावली आहे. जो जास्त ओरडतो तो पुढे. ती लावायची कायद्याने कोणाचा हात कुठवर पोचतो, त्यावरून. तुमच्या यादीत सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याचाच हात सगळ्यात आखूड आहे.

कार्डाला तारण नाही. वसुलीसाठी बँकेला दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे जावं लागतं, तिथला निकाल, म्हणजे हुकूमनामा, घ्यावा लागतो आणि मग जप्ती मागावी लागते. जप्तीत काय घेता येत नाही, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये लिहिलंय. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. तुमच्या ४६,००० वर ढोबळ हिशेब केला तर महिन्याला फार तर १५,००० जातील, आणि एका हुकूमनाम्यापोटी तेही २४ महिनेच. पीएफ पूर्ण सुटतो. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण सुटतं. आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिनेही सुटतात. १९०८ सालचा कायदा आहे, पण मंगळसूत्र त्याने लक्षात ठेवलंय. पाटल्यांना हे संरक्षण नाही, हेही सांगते. पण आजच्या घडीला कार्डवाल्याच्या हातात कसलाच हुकूमनामा नाही. गोल्ड लोनचे हप्ते चुकले तर मात्र कोर्टात न जाता, नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव होतो. जे न्यायालयाला घेता येत नाही ते तुम्ही आपल्या हाताने काउंटरवर नेऊन ठेवणार, तेही बिनतारणी कर्जासाठी!

आता पोलीस. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. ‘चारशेवीस’ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेलंय, आणि त्यासाठी कर्ज घेतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. खोटी पगार-स्लिप जोडली असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर आधी मला सांगा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये आहे. मिस्टरांच्या बाबतीतही नुसते पैसे नाहीत म्हणून दिवाणी तुरुंग नाही. ऐपत असून बदनियतीने टाळलं तरच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारचौघांत बदनाम करायलाही मनाई आहे. फोनचं रेकॉर्डिंग ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी लागत नाही.

फौजदारी कोर्टाचा दरवाजा खरा उघडतो तो दुसरीकडून: चेक परत गेला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि खात्यात पैसे नसल्याने ऑटो डेबिट परत गेलं की २००७ च्या पेमेंट ॲण्ड सेटलमेंट कायद्याचं कलम २५. म्हणून पर्सनल लोन आणि ॲपचे हप्ते कार्डाच्या आधी. नोटीस आली तर घ्या. पोस्टमनला परत पाठवली की ‘मिळालीच नाही’ म्हणता येतं, हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना असतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर खटला होत नाही.

घराचं सांगते. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा. कोर्टात दावाही लावावा लागत नाही. उलट तुम्हालाच ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे धावावं लागतं. तेव्हा हप्ता चुकण्याच्या आधीच बँकेला लेखी अर्ज द्या: पतीची नोकरी गेली, मुदत वाढवून हप्ता कमी करावा. नोकरी गेल्याचं पत्र जोडा. चुकल्यावर गेलात तर तोच अर्ज जड जातो.

पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातोय ते उत्तम, तो थांबवायचा विचारही करू नका. तिथे थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, त्याविरुद्ध नुसती दाद मागायची तरी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि दाखला जामीनदारांवरही निघतो. रोज ज्यांच्याबरोबर डबा खाता त्यांच्या पगारातून पैसे कापले जातील.

उरला तो तुमच्या भागातला व्याजाने पैसे देणारा. ५०,००० वर तुम्ही आजवर ५५,००० नुसतं व्याज भरलंय. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकारालाही बिनतारणी कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. त्या दराने २२ महिन्यांचं व्याज १६,५०० होतं. हा गृहस्थ इतरांनाही असेच पैसे फिरवत असेल आणि परवाना नसेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि बिनपरवाना सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. रोख देणं आजपासून बंद. काय द्याल ते बँकेतून. कोऱ्या चेकांवर ‘स्टॉप पेमेंट’ टाकलं की सुटलो, असं मात्र समजू नका, त्यावरूनही १३८ लागू शकतं. आधी हिशेब मागणारी आणि चेक परत मागणारी नोटीस जायला हवी.

हिशेब मांडू. ६०,००० मधून घरखर्च, घर आणि पर्सनल लोन गेलं की ४,६०० उरतात. ॲपला ५,५०० हवेत. घराचा हप्ता दोनेक हजारांनी उतरला तर ते चार महिने निघतात. कार्डाला तोवर फारसं काही मिळणार नाही, क्रेडिट स्कोअर पडेल, तो पडू द्या. आज तुम्ही भरता त्या ८,००० पैकी, महिना साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरला, तर साडेसहा हजारांच्या वर व्याजातच जातात. कार्ड कापून टाका, बँकेकडे ही रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मागा. पुढे तडजोडीची वेळ आली तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय रुपया देऊ नका, आणि वसुलीवाल्याच्या हातात तर कधीच नाही. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर बदला. खात्यातून परस्पर वळते झालेले पैसे परत मिळवायला फार खेटे पडतात.

मिस्टरांनी दिवाळखोरीबद्दल विचारलंय. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे मुंबईत १९०९ चा दिवाळखोरी कायदा, अलीकडे ठाण्यात १९२० चा, आणि त्यात कर्जाची किमान मर्यादा अजून ५०० रुपये! पण त्याने घरावरचा बँकेचा बोजा उतरत नाही. तुम्हाला सध्या तो उपयोगाचा नाही.

वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. सावकाराची नोटीस तिथूनच पाठवता येईल. जाताना २२ महिन्यांत कधी, किती, कसे दिले ते लिहून न्या, आणि दोन्ही कोऱ्या चेकांचे नंबरही. चेकबुकाच्या काउंटरफॉइलवर सापडतील.