बारा फुटी स्विमिंग पूल आणि हीट पंप: आधी कव्हर घ्या, मग मशीन

प्रश्न: सीबीडी बेलापूरला आमचं रो-हाउस आहे. मागच्या अंगणात जमिनीवर उभा करतात तसला गोल पूल घेतलाय, व्यास १२ फूट, पाणी साधारण ३ फूट भरतो, फिल्टरचा छोटा पंप सोबतच आला होता. उन्हाळ्यात नातवाने धमाल केली, पण डिसेंबर लागला की पाच मिनिटांत ओठ निळे पडतात आणि कुडकुडत बाहेर येतो. एका दुकानात विचारलं तर म्हणाले १३ किलोवॉटचा हीट पंप घ्या, मोठा घेतला की टेन्शन नाही. आमचा वायरमन म्हणतो एवढा खर्च कशाला, गिझर जोडून देतो, नाहीतर दोन रॉड सोडू. अंगणात ऊन फक्त ११ ते १ येतं. काय करू? – नातवाची आजी, बेलापूर

उत्तर: काकू, आधी रॉडचा विषय संपवू. ज्या पाण्यात पोरगं उतरणार त्या पाण्यात रॉड सोडायचा नाही. पोरं बाहेर असतानाच लावू असंही म्हणू नका, कारण घाईत बटण बंद करायचं राहून जातं, घराघरात राहतं, आणि ओल्या अंगाला करंट बसला तर चूक सुधारायला वेळच मिळत नाही. वायरमनला हात जोडून सांगा की हे नको.

आता गिझर. पुलात पाणी किती ते आधी काढू. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि जे येईल त्याला ०.७८५ ने गुणायचं. तुमचं येतं जवळपास ९,५०० लिटर, म्हणजे आपला दहा हजारी टँकर येतो ना तेवढं. १,००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते, ही लागणारच, मशीन कुठलंही लावा. म्हणजे तुमच्या पुलाला अंशाला ११ युनिट. जानेवारीत सावलीतलं पाणी २२ अंशांवर असेल आणि नातवाला २९ हवं असेल तर ७ अंश, ७७ युनिट. घरातला २ किलोवॉटचा गिझर यासाठी ३८ तास सलग चालवावा लागेल आणि ७७च्या ७७ युनिट महावितरणच्या मीटरवर पडतील, शिवाय त्या ३८ तासांत रात्री पाणी गार होतं ते वेगळंच. महिन्याचे युनिट ३०० आणि ५०० च्या वर गेले की स्लॅब बदलतो हे तुम्हाला माहितीच आहे.

हीट पंप ही उष्णता तयार करत नाही, हवेतून गोळा करतो. घरातला एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो ना, तेच काम हा अंगणात करतो आणि उष्णता पाण्यात सोडतो. त्यामुळे आपल्याकडच्या हवेत १ युनिट विजेवर साडेचार-पाच युनिट उष्णता मिळते. तुमचे ७७ युनिट मग मीटरवर १५ ते १७ दिसतील.

मग १३ किलोवॉट का नको? ब्रोशरमध्ये प्रत्येक मॉडेलला कपॅसिटीच्या, म्हणजे मशीन तासाला किती युनिट उष्णता देतं त्याच्या, दोन ओळी असतात, एक हवा २६-२७ अंश असतानाची आणि एक १५ अंश असतानाची. थंड देशातली माणसं दुसरी ओळ बघून मोठं मशीन घेतात आणि ते त्यांच्यासाठी बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र जानेवारीत दुपारी हवा २८-३० असते, पहाटे १६-१७ ला उतरते, आणि पहाटे मशीन चालवायची गरजच नाही. दुपारी ११ ते ५ चालवा, तुम्हाला पहिल्या ओळीतला आकडा मिळतो. ५ किलोवॉटचं मशीन ७७ युनिट साधारण १५-१६ तासांत देतं, रोज सहा तास धरले तर तीन दिवस, आणि एकदा पाणी वर आलं की पुढे रोज फक्त रात्रीची गळती भरून काढायची. सुट्टीत चार दिवसच वापर असेल आणि झटपट तापायला हवं असेल तर ७ किलोवॉट घ्या, त्यापुढे जाऊ नका, कारण १३ च्या मशीनला पाण्याचा फ्लो पण मोठा लागतो आणि पुलासोबत आलेला छोटा पंप तो देऊच शकणार नाही. फ्लो कमी पडला की मशीन एरर दाखवून बंद पडतं, मग पंप बदला, पाइप बदला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

फ्लो घरीच मोजता येतो. पुलात पाणी परत येतं तो होज काढा, २० लिटरच्या बादलीत धरा, मोबाइलवर सेकंद मोजा. ३६ सेकंदांत भरली तर तासाला २,००० लिटर, २० सेकंदांत भरली तर ३,६००. हा आकडा मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या कमीतकमी फ्लोपेक्षा जास्त हवा, आणि मोजताना फिल्टरचा कार्ट्रिज नवा नको, दोन-तीन दिवस वापरलेला असू दे, तरच खरा आकडा कळेल.

आता माझं खरं म्हणणं, आणि हे मी कळकळीने सांगतोय: मशीनचे पैसे देण्याआधी कव्हर घ्या. पुलातली सगळ्यात जास्त उष्णता बाजूने नाही, वरून वाफेने जाते. विश्वास बसणार नाही तर एक करून बघा. रात्री पंप बंद करा, पाणी स्थिर झालं की लाइनरवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने बारीक खूण करा, सकाळी पट्टी लावून बघा पाणी किती उतरलं. तुमच्या पुलात १ मिलिमीटर म्हणजे १०-११ लिटर पाणी, आणि एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जवळपास ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. म्हणजे मिलिमीटरमागे ७ युनिट, पाऊण अंशाला थोडं कमी. थंडीत कोरडा वारा सुटतो त्या रात्री ३ मिलिमीटर उतरलं तर दोन अंश गेले! तुमच्या ५ किलोवॉटच्या मशीनचे चार तास फक्त हवेत गेले. तळाला छिद्र असलेल्या माठात पाणी भरत राहायचं आणि मोठी कळशी आणायची, असं ते होतं. बबल असलेलं कव्हर मिळतं, बबल खाली पाण्याकडे ठेवून ते नीट पाण्यावर टेकलं पाहिजे, वर तंबूसारखं ताणून बांधलेली ताडपत्री तेवढं काम करत नाही. कव्हर घातल्यावर तीच पेन्सिलची खूण पुन्हा करा, फरक डोळ्यांनी दिसेल. आणि पूल उघडताना कव्हर पूर्ण काढा, अर्धवट कव्हरखाली पोर गेलं तर वरून दिसत नाही.

बसवण्याचं बोलू. क्रम असा: पुलातून पंप, पंपातून फिल्टर, फिल्टरमधून हीट पंप, तिथून परत पूल. क्लोरीन सोडणारं काही लावलं असेल तर ते हीट पंपाच्या नंतर, पाणी पुलाकडे परत जातं त्या बाजूला, आणि मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नाहीतर पंप बंद असताना तीव्र क्लोरीनचं पाणी उलटं मशीनमध्ये जाऊन बसतं. प्लंबरला सांगून तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास करून घ्या, उद्या मशीन दुरुस्तीला गेलं तरी फिल्टर चालू राहील. मशीनला युनियन, म्हणजे फिरवून सोडता येणारे जोड, येतात, त्यांना होज जोडायला रिड्युसर, म्हणजे दोन वेगळ्या मापांचा जोड, लागेल, जोडावर क्लॅम्प चांगल्या स्टीलचे घ्या, आपल्या हवेत साधे दोन पावसाळ्यांत गंजून जातात.

मशीन पुलाच्या काठापासून साडेतीन मीटर लांब ठेवा, तेवढं अंगण नसेल तर घराच्या बाजूच्या पॅसेजमध्ये चालेल पण वर मोकळं हवं आणि पंख्याच्या पुढे किमान दोन मीटर काही नको, मागे भिंतीपासून अर्धा मीटर. हे का सांगतो? कोलशेतला एका घरी जागा नाही म्हणून मी जिन्याखाली बसवायला होकार दिला होता. आठ दिवसांनी त्या घरातल्या वहिनींचा फोन, बिल पळतंय आणि पाणी जागचं हलत नाही. जाऊन बघितलं तर जिन्याखाली फ्रिज उघडल्यासारखी गार हवा कोंडलेली, मशीन स्वतःच फेकलेली गार हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं, त्याला गोळा करायला उष्णताच उरली नव्हती. उचलून बाहेर ठेवलं, तीन दिवसांत पाणी २९ ला. तेव्हापासून कानाला खडा, मोकळी जागा नसेल तर मी मशीन घ्याच म्हणत नाही.

वीज: ५ किलोवॉटचं मशीन वीज साधारण १ किलोवॉटच खातं, तुमच्या सिंगल फेजवर आरामात चालेल, पण लाइन डीबीमधून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बोर्डातून, वेगळी, तिला स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की पडतो तो) आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडतो तो), आणि अर्थिंग खरं. खरं म्हणजे काय, तर वायरमनने मीटर लावून तुमच्यासमोर दाखवायचं, नुसती हिरवी वायर दिसली म्हणून मान डोलवायची नाही. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडला पाहिजे, नाही पडला तर बदलेपर्यंत पुलात कोणी उतरायचं नाही. यात मात्र पैसे वाचवू नका काकू.

इन्व्हर्टरवालं, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं, घ्यावं का, तर हो, तुमची भिंत शेजाऱ्यांना लागून आहे आणि ते हळू चालतं, आवाज कमी. खाली रबरी पॅड घाला. खाडी जवळ असल्यामुळे तुमच्याकडे एसीच्या कॉइल लवकर खराब होतात हे बघितलंच असेल, म्हणून फिनवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, कोटिंग असलेलं मॉडेल मागा, पाण्याकडचा एक्स्चेंजर, म्हणजे ज्यातून जाताना पाणी तापतं तो भाग, टायटॅनियमचा आहे ना विचारा, आणि दर महिन्याला फिन साध्या पाइपने धुवा, प्रेशर गनने नाही. आणि हो, पहिल्या दिवशी परत येणाऱ्या पाण्यात हात घालून "गरम येतच नाही" म्हणू नका. एका फेरीत पाणी दीड-दोन अंशच वाढतं, हाताला ते कळत नाही. थर्मामीटर पुलात सोडा आणि संध्याकाळी बघा.

प्रश्न: घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर आमचा टेरेस फ्लॅट आहे. १० फुटी पूल टेरेसवर ठेवून हीट पंप लावायचाय, सोसायटीची परवानगी मिळेल असं वाटतं. कोणतं मॉडेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, मॉडेल नाही सांगणार. पूल टेरेसवर ठेवू नका. वापरातल्या गच्चीचं डिझाइन आपल्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरून करतात. पाणी अडीच फूट भरलं तर चौरस मीटरला ७५० किलो होतात, पाचपट, आणि त्यात उड्या मारणारी पोरं धरलेली नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीची सही स्लॅबला ताकद देत नाही, खालच्या घरात कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने ड्रॉइंग बघून लेखी हो म्हटलं तरच पुढचं बोलू. मुलांसाठीच हवं असेल तर अर्धा फूट पाण्याचा फुगवायचा टब दुपारच्या उन्हात ठेवा, तो दोन-तीन तासांत आपोआप कोमट होतो.

प्रश्न: खारघरला बंगल्यात हीट पंप लावून पंधरा दिवस झाले, खालून सतत पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणतो आतली कॉइल फुटली, मशीन खोलावं लागेल. – एक वाचक, खारघर

उत्तर: थांबा, खोलू देऊ नका, वॉरंटी जाईल. हीट पंप चालू असताना कॉइल गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन गळते, एसीच्या पाइपातून पडतं तेच हे पाणी, आणि दमट दिवसात ते तासाला लिटर-दोन लिटर पण होतं. उलट हवा दमट असली की मशीनला जास्त उष्णता मिळते. तपासायचं असं: हीट पंप बंद करा पण फिल्टरचा पंप चालू ठेवा. तासाभरात ठिबकणं थांबलं तर काही झालेलं नाही, खालच्या नळीला पाइप जोडून पाणी झाडांकडे न्या. नाही थांबलं तर त्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवा, रंग आला तर पुलाचं पाणी गळतंय, तेव्हा कंपनीच्या माणसालाच बोलवा.

प्रश्न: पावसाळ्यात पूल आणि हीट पंपाचं काय करायचं? मे महिन्यात पाणी फार तापतं, तेव्हा हेच मशीन गार करेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: गार करेल, पण मॉडेलला कूलिंग मोड असेल तरच, घेतानाच विचारायला हवं होतं, बटणं बघा एकदा. पावसाळ्यात पूल उभा ठेवणार असाल तर क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ सांभाळा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यू घरात येतो. ते जमणार नसेल तर रिकामा करा, वाळवा, घडी घाला. मशीनचे युनियन सोडून आतलं पाणी काढा, वर झाकण घाला पण खालून हवा राहू द्या, आणि वायर जिथून आत जाते ती फट सीलंटने बुजवा कारण पावसात पाली उबेला आत शिरतात आणि पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर, चिकटून मरतात, मग कार्ड जळतं. पुलाचं पाणी झाडांना द्यायचं असेल तर क्लोरीन टाकणं बंद करून कव्हर काढून तीन-चार दिवस उन्हात ठेवा, पट्टीवर रंग आला नाही की मग सोडा.