वाचकांचे प्रश्न : ‘नो डिस्क’ दाखवणारा प्लेयर

प्रश्न : वडिलांच्या मागे सव्वाशेक सीडी राहिल्या आहेत. बहुतेक अमीर खाँसाहेब आणि कुमारजी, थोडी नाट्यगीतं. प्लेयर कधी वाजतो, कधी ‘नो डिस्क’ दाखवतो. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर ठणठणीत आहेत. पाच हजारांत टिकाऊ प्लेयर मिळेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मिळेल, पण घरचा प्लेयर इतक्यात भंगारात देऊ नका. कधी वाजतो, कधी नाही, म्हणजे बहुधा सीडी वाचणाऱ्या लेसरच्या लेन्सवर धूळ आहे. प्लग काढून झाकण उघडा. कापसाची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून लेन्स मधून कडेकडे हलकेच पुसा. दाबू नका, ती बारीक तारांवर तरंगती असते. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, त्याने प्लॅस्टिकची लेन्स कायमची धुरकट होते. झाकण उघडं ठेवून चालू केलात तर लेन्समध्ये डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

पुसूनही गाडी अडली तर कुठे अडते ते पाहा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीची गाणी नीट आणि शेवटची अडखळत असतील, तर लेसर ज्या दांड्यावरून सरकतो त्यावरचं ग्रीस बहुधा वाळलेलं असतं. जुनं पुसून प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं लावा. ट्रे कुरकुरतो किंवा उघडत नाही, तर रबरी बेल्ट सैल झाला आहे, दुरुस्ती स्वस्तातली. कंपनीच्या छापील सीडी वाजतात आणि घरी रेकॉर्ड केलेल्या वाजत नाहीत, तर लेसर थकला आहे असं समजा, कारण अशा सीडीवरून प्रकाश कमी परततो.

लेसर बदलायचा तर जुन्या पिकअपवरचा (लेसर आणि लेन्सच्या जोडभागावरचा) नंबर वाचून तोच मागा. केएसएस-२१३ जातीचे पिकअप पुष्कळ प्लेयरमध्ये बसवलेले असतात. नव्या पिकअपच्या पट्टीवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक थेंब असतो. रिबन (चपटी वायर) जोडल्यावर तो काढावा लागतो. कारागीर विसरला की पुन्हा तेच ‘नो डिस्क’, आणि दोष मात्र नव्या पार्टला.

नवा हाय-फाय सीडी प्लेयर पाच हजारांत येणार नाही. या पैशात दोन वाटा उरतात. एक, डीव्हीडी प्लेयर : लाल-पांढऱ्या आरसीए पिना अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या की काम झालं. पुढे गाण्याचा नंबर दाखवणारी पट्टी असलेलाच घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी टीव्ही लावावा लागेल. खोट अशी की काही डीव्हीडी प्लेयर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर थांबतात. सिनेगीतांना चालून जातं, पण एकाच ख्यालाचे दोन ट्रॅक केलेले असले तर विलंबितातून द्रुतात जाताना नेमकी सम चुकल्यासारखं होतं.

दुसरी वाट जुना, पण खास सीडीचाच प्लेयर. आमचं मत याच बाजूने. महाराणी रोड, जेल रोडकडे चौकशी करा आणि सत्तर मिनिटांहून मोठी एक सीडी सोबत न्या. पहिला आणि शेवटचा ट्रॅक वाजवा, प्लेयर अर्धा तास तापू द्या आणि पुन्हा शेवटचाच लावा. थकलेला लेसर बहुतेक इथेच उघडा पडतो. मागच्या पाटीवर २२०-२४० व्होल्ट लिहिलंय ना, तेही पाहा. जपानी बाजारातला १०० व्होल्टचा प्लेयर आपल्या २३० वर थेट लावलात की जळेल.

प्रश्न : सीडी प्लेयर जोडल्यावर आवाज फाटतो आणि बास घुमतो. प्लेयर बिघडला का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : पिना ‘फोनो’ खाचेत असतील. ती खाच रेकॉर्ड प्लेयरच्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी असते आणि बास मुद्दाम वाढवते. सीडी प्लेयर साधारण २ व्होल्ट पाठवतो. ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या खाचेत लावा.