ड्रॉइंग टॅब्लेट : साधा घ्यावा की प्रगत?

प्रश्न : मी बरीच वर्षे कागदावर पेन्सिलने आणि जलरंगांत चित्रे काढत आले आहे. आता संगणकावर चित्रे काढायला शिकायचे आहे. स्क्रीन नसलेला साधा, लहान टॅब्लेट घ्यावा, की ८१९२ दाबपातळ्यांचा (म्हणजे पेनावरील दाबाच्या तितक्या पायऱ्या ओळखणारा), स्क्रीन असलेला महागडा टॅब्लेट एकदाच घेऊन मोकळे व्हावे, हे ठरत नाही. साध्या टॅब्लेटवर शिकल्यास हात बिघडतो, असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर : हात बिघडतो ही भीती मनातून काढून टाका. स्क्रीन नसलेल्या टॅब्लेटवर काम करताना हात टेबलावर फिरतो आणि नजर समोरच्या मॉनिटरवर असते, त्यामुळे सुरुवातीला रेषा भलतीकडे जाते आणि मुरलेल्या चित्रकारालाही आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो असे वाटते. परंतु माउस वापरतानाही आपण हेच करत असतो, आणि रोज थोडा वेळ सराव ठेवल्यास हात व नजर यांचा मेळ बसतो. अनेक व्यावसायिक चित्रकार तर जाणीवपूर्वक अशाच टॅब्लेटवर काम करत राहतात, कारण त्यात स्वतःचा हात चित्राच्या आड येत नाही आणि तासन्‌तास मान खाली घालून बसावे लागत नाही.

दाबपातळ्यांचा आकडा हा खरेदीचा निकष मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाकॉम कंपनीच्या ‘वन बाय वाकॉम’ या प्राथमिक मॉडेलमध्ये २०४८, ‘इंट्युओस’मध्ये ४०९६ आणि ‘इंट्युओस प्रो’मध्ये ८१९२ पातळ्या आहेत. आकडा दुप्पट-चौपट होतो, म्हणून रेषाही तितकीच सुधारत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नेहमीच्या ८ बिट चित्रात लाल, हिरवा आणि निळा यांपैकी प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात, आणि ब्रशची जाडी बहुधा काही दहा पिक्सेलांच्या मर्यादेतच बदलते. तेव्हा २०४८ पातळ्याही डोळ्यांना पुरून उरतात. विचारण्याजोगी गोष्ट निराळी आहे : पेन किती हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागते? पेन्सिलची अगदी पुसट रेषा काढण्याची सवय असलेल्या हाताला, दाबल्याशिवाय न उमटणारे पेन फार त्रास देते. शक्य असल्यास विकत घेण्यापूर्वी हलक्या हाताने बारीक रेषांची छायांकने करून पाहावीत आणि पट्टीच्या आधाराने एक तिरकी रेषा अगदी सावकाश ओढावी. ती थरथरलेली उमटली, तर तो दोष टॅब्लेटचा आहे, तुमच्या हाताचा नव्हे.

तुमच्यासारख्या पेन्सिलच्या चित्रकाराने आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे पेनचा कल ओळखण्याची सोय. पेन्सिल आडवी धरून आपण जशी रुंद, मऊ छटा देतो, तशी छटा ही सोय असलेल्या पेनानेच देता येते. ‘इंट्युओस’मध्ये ती नाही, ‘इंट्युओस प्रो’मध्ये ६० अंशांपर्यंत आहे, मात्र ह्युऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांच्या स्क्रीन नसलेल्या काही साध्या मॉडेलांमध्येही ती मिळते, त्यामुळे केवळ या एका कारणासाठी सर्वांत महागडा टॅब्लेट घेण्याची गरज नाही.

आकाराकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि आमच्या मते खरा फरक तिथेच पडतो. लहान ‘इंट्युओस’ची रेखाटनाची जागा १५२ × ९५ मि.मी. आहे, तर मध्यम आकाराच्या मॉडेलची २१६ × १३५ मि.मी. टॅब्लेटची संपूर्ण जागा मॉनिटरच्या संपूर्ण रुंदीवर पसरलेली असते. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३१ मि.मी. रुंद असतो, म्हणजे लहान टॅब्लेटवर हात १ मि.मी. हलला, की पडद्यावर रेषा साडेतीन मि.मी. सरकते, आणि मध्यम टॅब्लेटवर सुमारे अडीच मि.मी. हाताची बारीकशी चूकही त्याच प्रमाणात मोठी होऊन दिसते. शिवाय लहान टॅब्लेटवर सगळी हालचाल मनगटातून होते आणि मनगट लवकर दुखू लागते. कागदावर जशी लांब रेषा कोपरातून आणि खांद्यातून येते, तशी ती येण्यासाठी जागा हवी. (टॅब्लेट आणि मॉनिटर यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण वेगळे असेल, तर काढलेले वर्तुळ लंबगोल होते. ड्रायव्हरच्या, म्हणजे संगणकावर टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला, की ते दुरुस्त होते.)

स्क्रीन असलेला टॅब्लेट घेतला, तरी यांपैकी बहुतेकांना संगणक लागतोच, हे लक्षात ठेवावे. त्यात जिथे टोक टेकते तिथेच रेषा उमटते, हे सुख मोठे आहे. पण काच जाड असेल किंवा पडद्याला चिकटवलेली नसेल, तर टोक आणि रेषा यांच्यात किंचित अंतर दिसते.

एकूण पाहता, मध्यम आकाराचा, स्क्रीन नसलेला, पेनचा कल ओळखणारा आणि बॅटरीविना चालणाऱ्या पेनाचा टॅब्लेट तुम्ही घ्यावा. अशा पेनातील कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) टॅब्लेटच्या पृष्ठभागाखालील तारांच्या जाळ्यातूनच ऊर्जा मिळते, त्यामुळे ते चार्ज करावे लागत नाही आणि वजनालाही हलके असते. चित्रांसाठी ‘क्रिटा’ हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसे आहे.

प्रश्न : माझ्याकडे लहान, साधा टॅब्लेट आहे आणि मी त्यावर गोष्टींसाठी चित्रे काढतो. प्रगत टॅब्लेट घेण्याची वेळ आली, हे कसे ओळखावे?

उत्तर : कामात नेमके काय अडते, ते आधी पाहावे. रेषा जाड-बारीक होत नसेल, तर जुना टॅब्लेट टाकून देण्याआधी ड्रायव्हरमधील दाबाचा आलेख (किती दाबाला रेषा किती उमटावी, हे ठरवणारी सेटिंग) बदलून पाहावा, पूर्वीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर संगणकात राहिला असल्यास तो काढावा आणि पेनाची झिजलेली निब, म्हणजे टोक, बदलावी. पुष्कळदा एवढ्यानेच तक्रार मिटते. मनगट दुखत असेल, तर मोठा टॅब्लेट घ्यावा, स्क्रीन असलाच पाहिजे असे नाही. पण केस, अक्षरे, शाईची अंतिम रेषा अशा नाजूक कामात तीच रेषा पुन्हा पुन्हा पुसून काढावी लागत असेल आणि नियमित सरावानंतरही ते थांबले नसेल, तर स्क्रीन असलेल्या टॅब्लेटवरचा खर्च सार्थकी लागेल. त्यासोबत तिरका उभा करता येणारा भक्कम स्टँड अवश्य घ्यावा, नाहीतर मान आणि पाठ धरतील.