बेअरिंग जरूर बदला, पण आधी जॉब कार्डावर ‘हब’ लिहून घ्या

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका वाचकाने लिहिलं आहे. मोटरसायकलवरून ते रोज पीथमपूरच्या कारखान्यात जातात. २० महिन्यांपूर्वी मागच्या चाकाचं बेअरिंग पहिल्यांदा गेलं, मग पुन्हा एकदा गेलं आणि आता तिसऱ्यांदा घरघर सुरू झाली आहे. शोरूमने दोन्ही वेळा ‘झिजणारा भाग आहे’ म्हणून पैसे घेतले. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं चांगलं बेअरिंग टाकू, कटकट मिटेल. शोरूमवाले म्हणतात, बाहेरचं बेअरिंग टाकलंत तर सगळी वॉरंटी गेली. वॉरंटी संपायला सहा आठवडे उरले आहेत. टाकावं की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

पावसाळा सरला की अशी पत्रं येतातच. कधी प्रश्न चेन किटचा असतो, कधी क्लच प्लेटचा, पण घोळ तोच.

वॉरंटी पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. त्यात लिहिलंय की कंपनीचे नसलेले सुटे भाग वापरल्या‘मुळे’ झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. शोरूमच्या काउंटरवर हा ‘मुळे’ गाळून वाक्य सांगितलं जातं. बाहेरचं बेअरिंग टाकल्याने इंजिनाची किंवा वायरिंगची वॉरंटी जात नाही. निदान या कलमाने तरी जात नाही. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने करार लिहिला त्याच्याविरुद्ध जाणारा अर्थ धरावा, हे जुनं तत्त्व आहे. इथे तर अर्थ एकच निघतो.

पण हाच ‘मुळे’ तुमच्यावर उलटू शकतो, म्हणून थांबायला सांगतो आहे. २० महिन्यांत तिसरं बेअरिंग जात असेल, तर दोष बेअरिंगमध्येच आहे असं धरून चालू नका. मी मेकॅनिक नाही, पण अशी प्रकरणं चालवताना तज्ज्ञांची उलटतपासणी घेऊन एवढं कळलं आहे: हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, बेअरिंग बसतं ते घर मोठं झालं असेल, किंवा दोन बेअरिंगांच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, आखूड असेल, तर कितीही भारी बेअरिंग टाका, ते जाणारच. एक्सल आवळला की स्पेसर आखूड असल्यामुळे आतल्या रिंगांवर बाजूने दाब येतो आणि गोळ्या तापून खराब होतात. बेअरिंग झिजणाऱ्या भागांच्या यादीत आहे, हब त्या यादीत नाही. म्हणजे तुमची खरी मागणी हबची आहे, आणि ती तुम्ही आजवर एकदाही केलेली नाही! बाहेरच्या मेकॅनिकने एकदा हातोडी मारून बेअरिंग बसवलं, की शोरूम म्हणेल, घर त्या ठोकाठोकीमुळे बिघडलं. मग ते खोडून काढायला तुमच्या हातात काही उरणार नाही.

दोन्ही जुनी बेअरिंगं कुठे आहेत? ‘शोरूममध्येच राहिली’ असं लिहिलंत. पैसे तुम्ही मोजले, भाग तुमचा होता, मग मागून का नाही घेतलात? पहिल्या वेळचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना शोरूम तक्रार लिहून देतं तो कागद, तोही हरवलात. त्यात दर आठवड्याला प्रेशर पंपाने धुलाई! ती पाण्याची धार थेट हबवर बसली, की सीलमधून आत जाऊन ग्रीस धुऊन काढते, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. ती आजपासून बंद करा.

या आठवड्यात गाडी शोरूमला न्या. जॉब कार्डावर ‘आवाज येतो’ एवढंच लिहू देऊ नका. ‘मागच्या हबमधलं बेअरिंगचं घर व स्पेसर मोजून द्यावा, तिसऱ्यांदा बिघाड’ असं लिहून घ्या. त्यांनी नकार दिला, तर तोच मजकूर त्याच दिवशी शोरूमला आणि कंपनीला ईमेलने व स्पीड पोस्टाने पाठवा. तक्रार वॉरंटीच्या आत नोंदली गेली पाहिजे. दुरुस्ती नंतर झाली तरी चालेल. चाक खोलताना समोर उभे राहा, व्हिडिओ घ्या, जुनं बेअरिंग पिशवीत घालून घरी आणा.

त्यांनी हब तपासला नाही किंवा लेखी नकार दिला, तर मात्र खुशाल बाहेरचं बेअरिंग टाका. आधी लेथवाल्याकडून घराचं माप लिहून घ्या. बेअरिंगचा नंबर तोच हवा. ६३०३ असेल तर आत १७, बाहेर ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर, पुढे २आरएस म्हणजे दोन्हीकडे रबरी सील. पक्कं बिल घ्या. आरटीओची भीती नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलणाऱ्या फेरफारांबद्दल आहे, त्याच मापाचं बेअरिंग त्यात येत नाही. विम्याचं तुमची पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

पुढे ग्राहक आयोगात जायचं का, हे हबच्या खर्चावर ठरेल. तुम्ही इंदूरला राहता, म्हणून कंपनी कुठलीही असो, तक्रार इंदूरलाच करता येते, आणि गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. चाचणी लागली तर वस्तू सील करून प्रयोगशाळेत जाते. म्हणून जुनं बेअरिंग जपायचं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत, चाचणी असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात, आणि रोज कामाचा खाडा करणाऱ्या माणसाला हे किती जड जातं, ते पाहून चीड येते. तरीही मुदत चुकवू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आपण प्रत्येक बिघाडापासून नवी मुदत मागू शकतो, पण आयोग ते मानेलच असं नाही. पहिल्या बिघाडापासून कडक हिशेब धरला, तर तुमच्याकडे चार महिने आहेत. पहिल्या जॉब कार्डाची प्रत शोरूमकडे आजच लेखी मागा.

आणि चाक हाताने धरून डावी-उजवीकडे हलत असेल, तर तोवर पीथमपूरला बसने जा.